अख्खी पेशी दिसावी म्हणून

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये गेला की त्याचा मेणाचा ब्लॉक होतो आणि मायक्रोटोम या कापयंत्रावर ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप निघतात. लिम्फोसाइट ही रोगप्रतिकारक पांढरी पेशीच मुळात ७ ते १० मायक्रॉनची. म्हणजे स्लाइडवर येते ती बऱ्याचदा अर्धीमुर्धी. कॅन्सर आहे का, हे सांगायला तेवढं पुरतं. पण रोगप्रतिकारक पेशी गाठीच्या आत शिरल्या की कडेलाच अडल्या, त्या कोणाला चिकटून बसल्यात, हे एका चकतीवरून कसं कळावं? त्यांचे निम्मे शेजारी वरच्या-खालच्या कापांत गेलेले असतात.

न कापता ऊतीच पारदर्शक करण्याची कल्पना शंभरहून जास्त वर्षं जुनी. लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्ट्झ यांनी १९११च्या सुमारास अवयवांतलं पाणी काढून ते विंटरग्रीन तेलासारख्या द्रवांत मुरवले. (कंबरदुखीच्या मलमाला येतो तोच वास!) पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) १.३३, प्रथिनांचा आणि मेदाचा त्याहून जास्त. त्यामुळे प्रकाश पावलोपावली वळतो आणि मांस अपारदर्शक दिसतं. पाण्याच्या जागी जुळत्या अपवर्तनांकाचा द्रव भरला की ते काचेसारखं होतं.

पण काचेत नेमकी हवी ती पेशी ओळखायची कशी? त्याचं उत्तर वेगळ्याच वाटेने आलं. १९४१ साली अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनाला, चमकणारा रंग जोडला. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांच्यामुळे एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळू लागले. या दोन वाटा मात्र बराच काळ समांतर राहिल्या. प्रतिपिंड हा मोठा रेणू, जाड तुकड्यात सहज झिरपत नाही. आणि पारदर्शक करणारे बरेचसे द्रव पेशी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिरव्या चमकत्या प्रथिनासारख्या खुणांची चमकच मारत.

पुढे या वाटा जुळू लागल्या. २०१३ मध्ये स्टॅनफर्डमधून मेंदू पारदर्शक करणारी ‘क्लॅरिटी’ पद्धत आली. रोगप्रतिकारशास्त्रात रोनाल्ड जर्मेन यांच्या अमेरिकी गटाने २०१७ मध्ये ऊती पारदर्शक करणारी सीई-थ्रीडी पद्धत दिली.

हे सगळं आधी बेतलं गेलं ते बहुतांशी उंदरांवर. उंदराच्या पेशी जनुकातूनच चमकत्या करता येतात, हृदयातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढता येतं. माणसाचा तुकडा रक्तासकट येतो, त्यातलं कोलॅजेन (ऊतीला आधार देणारं तंतुमय प्रथिन) स्वतःच चमकतं. प्रतिपिंड आतवर पोहोचायला कित्येक दिवस द्यावे लागतात. घाई केली तर कडा झगझगतात आणि मधला भाग काळा राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, तिथे पेशीच नाहीत.