संविधानात नसलेला चौथा स्तंभ

‘वृत्तपत्रे हा संविधानाने मान्य केलेला चौथा स्तंभ आहे,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात भारतीय संविधानात हा शब्दप्रयोगच नाही. वृत्तपत्रांचा स्वतंत्र उल्लेख असावा ही मागणी संविधान सभेत झाली होती. परंतु संपादकही नागरिकच असल्याने त्याची गरज नाही, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी घेतली. त्यामुळे वृत्तपत्रस्वातंत्र्य हे अनुच्छेद १९ मधील प्रत्येक नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच येते.

म्हणून ते दुबळे ठरत नाही (स्तंभाच्या बिरुदाने मात्र विशेषाधिकाराचा भास होतो). पृष्ठसंख्येची किमतीशी सांगड घालणारा १९५६चा कायदा ‘सकाळ’ने आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये याच अनुच्छेदाच्या आधारे घटनाबाह्य ठरवला, खप आणि पाने घटवणे म्हणजे अभिव्यक्तीवरच घाला, असे न्यायालयाने मानले.