'लिबरेटर' आणि 'नॉर्थ स्टार': भांडण राज्यघटनेवरून होतं

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी वाचकाला तिथल्या गुलामगिरीविरोधी लढ्याविषयी आपुलकी आहे. म्हणूनच त्या लढ्यातल्या दोन वर्तमानपत्रांविषयीचं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचून जीव वैतागतो: 'नॉर्थ स्टार' म्हणजे काळ्यांचा 'लिबरेटर', शिष्याने गुरूचं काम पुढे नेलं. हे साफ चूक आहे.

'लिबरेटर' बहुतेकांना माहीत असतो: बॉस्टन, १ जानेवारी १८३१, संपादक विल्यम लॉइड गॅरिसन. 'नॉर्थ स्टार' ३ डिसेंबर १८४७ला रॉचेस्टरहून निघाला. संपादक फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून निसटलेले. दोन्ही साप्ताहिकं. संपादकांच्या रंगावरून वाचकांचा रंग ठरवू नका. 'लिबरेटर'चे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार स्वतंत्र काळे नागरिकच होते.

खरी फूट पडली ती राज्यघटनेवरून. गॅरिसन यांच्या लेखी घटना म्हणजे गुलाममालकांशी केलेला सौदा. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरायची, पळालेला माणूस मालकाच्या हवाली करायचा, हे तिच्यातच लिहिलेलं. म्हणून मत द्यायचं नाही, पक्ष काढायचा नाही, गुलाम राखणाऱ्या राज्यांशी एकत्र नांदायचंही नाही; फक्त लोकांची सद्सद्विवेकबुद्धी जागी करायची. ४ जुलै १८५४ला फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्यांनी घटनेची प्रत जाळली.

डग्लसही आधी हेच मांडत. १८५१ मध्ये मात्र त्यांनी जाहीरपणे मत बदललं. घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. उद्देशिका 'आम्ही लोक' म्हणते, 'आम्ही गोरे' म्हणत नाही. मग तीच हातात घेऊन मतपेटीतून लढायचं का नाही? आणि संघराज्य मोडलं, तर दक्षिणेतले गुलाम मालकांच्याच तावडीत राहणार, त्यांचं काय? मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. त्याच वर्षी 'नॉर्थ स्टार' गेरिट स्मिथ यांच्या लिबर्टी पार्टी या गुलामगिरीविरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रात विलीन झाला आणि डग्लस यांच्या नावाने निघू लागला. गॅरिसन यांच्याशी असलेली मैत्री तुटली. याला 'शिष्याने गुरूचं काम पुढे नेलं' कसं म्हणणार?

१८६५च्या डिसेंबरात तेरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. काम झालं म्हणून गॅरिसन यांनी त्याच महिन्यात 'लिबरेटर' बंद केला. डग्लस मात्र त्या वर्षीच्या मे महिन्यातच सांगून चुकले होते: काळ्या माणसाच्या हाती मत येईपर्यंत गुलामगिरी संपलेली नाही.