पूल आणि मोठ्या बांधकामांची हालचाल जीपीएसने मोजणं

मोठा पूल हलतोच, तो हलावा असाच बांधलेला असतो. 1 किलोमीटर लांबीचं पोलाद 30 अंशांनी तापलं तर साधारण 36 सेंटीमीटर लांबतं, म्हणजे झुलत्या पुलाच्या केबल भर उन्हात सैलावून मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधला भाग, खाली येणार, वारा सुटला की आडवा सरकणार, जड ट्रक गेले की दबून परत वर येणार. खरा प्रश्न एवढाच की आजची हालचाल रोजच्यासारखी आहे की काही बिघडलंय, आणि ते सतत मोजल्याशिवाय कळत नाही.

ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर, थरथर छान पकडतो पण पूल हळूहळू बसत किंवा कलत चालला असेल तर त्यावरून नीट कळत नाही, जीपीएसचं मोल इथेच आहे कारण त्यातून थेट जागाच मिळते. मोबाईलमधलं जीपीएस काही मीटर चुकतं, इथे मात्र सिग्नलच्या लहरीचीच फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात नेमकी कुठवर आली आहे ते, मोजतात, ती लहर सुमारे 19 सेंटीमीटरची असते आणि तिचा अगदी बारीक हिस्साही रिसिव्हरला ओळखता येतो. एक अँटेना पुलावर, दुसरा जवळच्या पक्क्या जमिनीवर, दोघांचा फरक काढला की वातावरणाची बरीचशी चूक कटते आणि सेंटीमीटरपर्यंत, कधी मिलिमीटरपर्यंत अचूकता मिळते, तीही सेकंदाला 10-20 वेळा. जमिनीवरचा अँटेनाच हलला तर मात्र पूल हलल्यासारखा दिसतो, म्हणून त्याची जागा फार जपून निवडावी लागते.

उपग्रह सगळे क्षितिजाच्या वरच असल्यामुळे उंचीतली चूक आडव्यापेक्षा दोन-तीन पट असते, आणि पुलाच्या बाबतीत नेमकी उंचीच जास्त हवी असते. दुसरा त्रास म्हणजे टॉवरवर, केबलवर आपटून येणारे सिग्नल. पण जीपीएसचे उपग्रह रोज सुमारे 4 मिनिटं आधी त्याच जागी परत येतात, त्यामुळे स्थिर वस्तूंमुळे होणारी ही चूकही तशीच परत उमटते, आणि कालच्या रेकॉर्डवरून आजची बरीचशी वजा करता येते, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

इंग्लंडमधल्या 1410 मीटर गाळ्याच्या हंबर पुलावर 1990 च्या दशकात असे प्रयोग झाले. हाँगकाँगचा त्सिंग मा पूल 1997 मध्ये सुरू झाला, गाळा 1377 मीटर, वर गाड्या आणि आत रेल्वे, तिथे वारा आणि ताण मोजणाऱ्या सेन्सरांच्या जोडीला नंतर जीपीएसही बसवलं. बुर्ज खलिफा बांधताना मनोरा सरळ चाललाय का हे बघायलाही जीपीएस वापरलं. लॉस एंजेलिसजवळच्या पकोइमा धरणावर 1995 पासून अशी मोजणी आहे, धरण सावकाश हलतं म्हणून तासन् तासांची सरासरी काढता येते आणि अचूकता आणखी वाढते.

छोट्या ताठ पुलांना याचा फारसा उपयोग नाही, ते काही मिलिमीटरच हलतात आणि तेवढं सिग्नलच्या गोंधळातच बुडून जातं, तिथे स्ट्रेन गेज, म्हणजे पोलाद किंवा काँक्रीट किती ताणलं गेलं ते मोजणारी पट्टी, लावलेलं बरं.