५ + ३ = ८ × २ = १६, यात चुकलं कुठे?

असं लिहिलेलं तुम्ही कुणाच्या तरी वहीत नक्की बघितलं असेल, मी तर स्वतः कित्येक वर्षं असंच लिहायचो. ५ आणि ३ ची बेरीज करून दुप्पट करायची होती, उत्तर १६ आलं, मग प्रॉब्लेम काय? तर डावीकडचं टोक बघा, ५ + ३ म्हणजे ८, आणि उजवीकडे १६, मध्ये सगळीकडे बरोबरची चिन्हं. म्हणजे आपण चक्क ८ = १६ लिहून मोकळे झालो!

हे टोकाला टोक जोडायचं काम करते ती ट्रान्झिटिव्ह प्रॉपर्टी. नाव जड आहे, भानगड साधी: अ = ब आणि ब = क असेल तर अ = क. मधला ब दोघांना जोडून देतो आणि बाजूला होतो.

यात शिकण्यासारखं काय, हे तर कळतंच की, असं वाटतं ना? पण युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास भूमिती लिहून काढली तेव्हा हे पहिल्याच सामान्य तत्त्वात (म्हणजे सिद्ध न करता मानून घेतलेल्या विधानात) मांडलं, आणि पहिल्याच रचनेत वापरलंही. अब हा रेषाखंड घ्या, कंपासमध्ये तेवढंच अंतर धरून एक वर्तुळ अ वरून काढा, एक ब वरून, ती छेदतात त्यातला एक बिंदू क. अक = अब, कारण एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, बक = अब, तेच कारण, म्हणून अक = बक. झाला समभुज त्रिकोण, पट्टीने काही मोजावं लागलं नाही.

बीजगणितात तर हे आपण नकळत करतो. य = २क्ष + १ आणि य = क्ष + ४ दिलंय, तर आपण सरळ २क्ष + १ = क्ष + ४ लिहितो, क्ष = ३ येतो, य = ७. मधला य गायब झाला ना, तो याच नियमाने.

पण हा नियम सगळीकडे चालत नाही हां. दगड-कागद-कात्रीच्या खेळात दगड कात्रीला हरवतो, कात्री कागदाला, पण म्हणून दगड काही कागदाला हरवत नाही, उलट हरतो. आणि 'जवळजवळ सारखं' हे तर अजून फसवं. आन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने वजनांचं उदाहरण दिलंय: हातात घेतल्यावर १० आणि ११ ग्रॅममधला फरक कळत नाही, ११ आणि १२ मधलाही नाही, पण १० आणि १२ मधला कळतो. हाताला 'सारखं' वाटणं वेगळं, = वेगळं.

वहीतल्या त्या ओळीचं म्हणाल तर ती फक्त तोडायची. ५ + ३ = ८, आणि खालच्या ओळीत ८ × २ = १६.