होलसेल औषधांना नुसता जीएसटी पुरत नाही
‘औषधं होलसेलनं विकायला परवाना लागत नाही, जीएसटी नंबर काढला की झालं’, हा मेसेज जुनाच. असं वाटणं साहजिक आहे. सोलापुरात चादर-टॉवेलचा ठोक धंदा तसाच तर चालतो.

पण जीएसटी ही कराची नोंद. औषधविक्रीचे नियम १९४५ पासूनचे आणि वेगळे. किरकोळ दुकानाचा परवाना फॉर्म २० आणि २१ मध्ये, होलसेलचा २०बी आणि २१बी मध्ये. होलसेलला जागा किमान १० चौरस मीटर. जाणकार माणूसही हवा. तो फार्मसिस्टच हवा असं मात्र नाही. दहावी पास आणि औषधविक्रीचा ४ वर्षांचा अनुभव असला तरी चालतं. गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो.

ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे होलसेलचं बिल बघायला मागा. त्यावर विकणाऱ्याचा परवाना क्रमांक, घेणाऱ्याचाही, आणि औषधापुढे बॅच नंबर दिसेल.