फेरमतदान नव्हे, दुसरी फेरी : जॉर्ज वेआ यांचे जय-पराजय नीट वाचण्यासाठी

इटलीतील एसी मिलान या फुटबॉल क्लबचे एकेकाळचे स्ट्रायकर आणि पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांच्यावर मराठीत काही लिहून आले की एक शब्द हटकून चुकलेला सापडतो. 2005 मध्ये ते ‘फेरमतदानात’ हरले, 2017 मध्ये ‘फेरमतदानात’ जिंकले आणि 2023 मध्ये पुन्हा ‘फेरमतदानात’ हरले, असे बिनदिक्कत लिहिले जाते. या तिन्ही वर्षी झाली ती मतदानाची दुसरी फेरी होती. फेरमतदान एकदाही झाले नाही.

फेरमतदान आपल्याला चांगले ठाऊक आहे. केंद्रावर यंत्र बिघडले किंवा दांडगाई झाली, तर निवडणूक आयोग तिथले मतदान रद्द ठरवतो आणि त्याच उमेदवारांसाठी ते पुन्हा घेतो. म्हणजे या शब्दातच आधीचे मतदान सदोष होते हे गृहीत असते.

दुसऱ्या फेरीत असे काहीही गृहीत नसते. लायबेरियात राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात आणि तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोन उमेदवारांमध्ये पुन्हा लढत होते. पहिल्या फेरीची मते वैध असतात, म्हणून तर त्यांतून हे दोघे ठरतात. मात्र एवढे काम झाले की त्या मतांची किंमत संपते, आणि गफलत नेमकी इथेच होते. युरोपातील क्लब स्पर्धांत दोन सामन्यांची लढत असली की पहिल्या सामन्यातील गोल दुसऱ्यात मोजले जातात. इथे तसे नाही. गटात अव्वल ठरलेल्या संघालाही अंतिम सामना शून्य-शून्यपासूनच खेळावा लागतो, तसा हा प्रकार आहे. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातील दुसऱ्या पसंतीची मते याच्या बरीच जवळ जातात, परंतु तिथला मतदार सगळे पसंतीक्रम एकाच मतपत्रिकेवर, निकाल ठाऊक नसताना लिहून मोकळा होतो. लायबेरियातील मतदाराला पहिला निकाल आणि पडलेल्या उमेदवारांनी कोणाला पाठिंबा दिला हे पाहून, काही आठवड्यांनी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

आता आकडे पाहा. 2005 च्या पहिल्या फेरीत वेआ यांना सुमारे 28 टक्के आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी एलेन जॉन्सन सर्लीफ यांना सुमारे 20 टक्के मते होती. दुसऱ्या फेरीत सर्लीफ 59 टक्क्यांच्या पुढे गेल्या आणि वेआ 40 च्या आसपास थांबले. ‘बहुमत मिळूनही वेआ हरले’ हे वाक्य मी वाचले आहे आणि ते मला अजूनही सहन होत नाही. 28 टक्के म्हणजे सर्वाधिक मते झाली, बहुमत नव्हे.

खरी गंमत 2017 ची आहे, कारण त्या वर्षी दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात समोरासमोर आल्या. 10 ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत वेआ 38 टक्क्यांवर, तर तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई जवळपास 29 टक्क्यांवर होते. तिसऱ्या क्रमांकावरील चार्ल्स ब्रमस्काइन यांच्या पक्षाने गैरप्रकारांची तक्रार करून ती फेरीच नव्याने घ्यावी अशी मागणी केली, आणि त्यापायी 7 नोव्हेंबरची दुसरी फेरी सर्वोच्च न्यायालयाने रोखून धरली. फेरमतदान हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या मागणीसाठी वापरावा. न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती नाकारली, 26 डिसेंबरला दुसरी फेरी झाली आणि वेआ 61 टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. या दोन घटनांना एकच नाव दिले, तर जी मागणी फेटाळली गेली तीच मान्य झाली असा उलटा अर्थ निघतो.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. 1995 चा बॅलन डी’ओर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार आणि त्याच वर्षीचा फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान हे तेव्हा दोन वेगळे पुरस्कार होते. वेआ यांना दोन्ही मिळाले. 2011 मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी नव्हे, उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. 2014 मध्ये मोंटसेराडो परगण्यातून ते सिनेटवर गेले, तेही सर्लीफ यांच्या मुलाला हरवून. त्या निवडणुकीत आपल्यासारखीच एक फेरी असते, ज्याची मते जास्त तो विजयी.

2023 मध्ये पहिल्या फेरीत वेआ बोआकाईंपेक्षा जेमतेम 7 हजार मतांनी पुढे होते. आपल्या पद्धतीत तेवढ्यावर गुलाल उधळला गेला असता. 14 नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत बोआकाई 50.64 टक्के मते घेऊन सुमारे 20 हजारांनी पुढे गेले. मोजणी पूर्ण होण्याआधीच, 17 तारखेला, वेआ यांनी पराभव मान्य केला आणि फेरमतदान मागितले नाही.