काचेच्या पेटीतला मिरग

मिरगाचा पहिला दणका बसला की गगनबावडा, राधानगरीकडच्या ओढ्यांवर माणसं बॅटऱ्या घेऊन उतरतात. चढणीचे मासे आलेले असतात. उन्हाळाभर डोहात दबून राहिलेले हे मासे नवं पाणी येताच प्रवाहाच्या उलट चढतात, पार भातखाचरांपर्यंत येतात आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. कोल्हापूरच्या माणसाला यात नवीन काही नाही. मला मात्र या चढणीचा अर्थ खऱ्या अर्थानं कळला तो राजारामपुरीतल्या आमच्या घरी, दोन फुटी काचेच्या टाकीसमोर बसून, आणि तोही दक्षिण अमेरिकेतल्या एका बोटभर माशामुळे.

त्याचं नाव कोरिडोरस. दुकानात सगळे नुसतं 'कोरी' म्हणतात. मिशीवाल्या माशांच्या, म्हणजे कॅटफिशच्या कुळातला हा छोटा भाऊबंद. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, घरावर कौलं चढवावीत तशा एकीवर एक. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी 1803 मध्ये हे नाव दिलं, तेही या चिलखतावरूनच. आपल्याकडे सहज मिळतात त्या दोन जाती, ब्राँझ कोरी आणि ठिपक्यांची पेपर कोरी. पेपर कोरीचे नमुने चार्ल्स डार्विन यांनी 'बीगल' जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि 1842 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. 2024 मध्ये या गटाची फेरमांडणी होऊन दोघींचीही शास्त्रीय नावं बदलली, पण शोभेच्या माशांच्या बाजारात कोरी ही कोरीच राहिली आहे.

मधूनच कोरी बाणासारखी वर जाते, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेते आणि परत तळाशी येते. घरी आलेले पाहुणे विचारतात, गुदमरतोय का हा? नाही. तिच्या आतड्याच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि गिळलेल्या हवेतला प्राणवायू तिथे शोषला जातो. उन्हाळ्यात आटणाऱ्या, कोंदटलेल्या डबक्यांत तगून राहायला ही सोय फार कामाची. मात्र सारखीच वर धाव घेत असेल, तर पाणी बिघडलंय असं समजावं.

कोरी एकटी ठेवू नये. निदान सहा असाव्यात, आणि पिल्लं हवी असतील तर एका मादीमागे दोन नर. नर-मादी ओळखायची तर टाकीत वरून बघायचं: मादी पोटाशी रुंद, नर सडसडीत. तळाला बारीक, गोल कणांची वाळू टाकावी. मिशांनी वाळू चाळत खाणं शोधणारा हा मासा, घाणेरड्या तळावर त्याच्या मिशा झिजून जातात. मिशा झिजलेली कोरी बघवत नाही मला.

पहिल्या वर्षी मी सगळं नीट केलं आणि एक अंडं मिळालं नाही. दर आठवड्याला पाणी बदलत होतो, तापमान सारखं, खाणं सारखं. चूक तिथेच होती. माझ्या टाकीत बारा महिने एकच ऋतू होता.

माशाच्या पोटात अंडी तयार होणं ही एक गोष्ट आणि ती बाहेर टाकणं ही दुसरी. दुसरीसाठी मेंदूचा हुकूम लागतो. पाणी गार झालं, वाढलं, पावसानं त्यातले क्षार पातळ झाले, की त्याची खबर मेंदूला लागते. मेंदू पीयूषिका ग्रंथीला कामाला लावतो, तिची संप्रेरकं रक्तातून अंडाशयाकडे जातात आणि मग अंडी सुटतात. आपल्या रोहू-मृगळाचंही हेच. नदीला पूर आला की ते अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावली. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. पावसाचा निरोप मधल्या मध्ये गाळून त्यांनी थेट हुकूमच पोचवला होता.

कोरीला सुई लागत नाही. तिच्यासाठी पाऊस पाडता येतो. पण पावसाआधी उन्हाळा हवा, हे मला दुसऱ्या वर्षी उमगलं. मे महिन्यात दोन-तीन आठवडे पाणी बदलणं कमी केलं (फिल्टर चालू आणि माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया शून्य, ही अट सोडायची नाही), पातळी थोडी उतरू दिली आणि खायला गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या, भरपूर दिले. माद्या टम्म झाल्या. मग जूनमध्ये बाहेर आभाळ भरून आलेलं असताना निम्मं पाणी काढून, टाकीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार पाणी हळूहळू सोडलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवलेलं असावं, नाहीतर माशांसोबत फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. निम्मं पावसाचं पाणी मिसळलं तर पाणी मऊ होतं. निव्वळ पावसाचं मात्र घालू नये, त्यात क्षार नसल्यानं सामू (पीएच) एकदम घसरू शकतो. पत्रे-कौलं धुऊन गेल्यावरचा पाऊस धरायचा, पहिला नाही. हवेचा दाब उतरला की कोरी जास्त चाळवतात, असाही अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत नुसती धावपळ. नर मादीच्या मागे, काचेवर वर-खाली. मग एक नर आडवा होतो, मादी त्याच्या कुशीला तोंड लावते आणि दोघांची मिळून इंग्रजी टी अक्षरासारखी आकृती होते. त्या क्षणी मादी चक्क नराचं वीर्य पिते. ब्राँझ कोरीवर जपानी संशोधकांनी 1995 मध्ये हे दाखवून दिलं. मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडला, तर तो काही सेकंदांत आतड्यातून जाऊन मागून बाहेर आला! वीर्यही तसंच न पचता आरपार जातं आणि मादीनं पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. पाण्यात वीर्य वाया जाऊ नये म्हणून निघालेली ही वाट असावी. हवा घेणारं आतडंच इथे दुसऱ्या कामाला येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

ओंजळीतली ती थोडीशी अंडी घेऊन मादी काचेवर जागा शोधते, तोंडानं ती साफ करते आणि अंडी चिकटवते. मग पुन्हा नर, पुन्हा टी. दुपारपर्यंत मोहरीएवढी शंभरावर अंडी काचेला लागलेली असतात. कोरी स्वतःचीच अंडी खातात, म्हणून ती बोटानं अलगद लोळवत सोडवून वेगळ्या डब्यात घ्यावीत. पाणी त्याच टाकीतलं, शेजारी हवेचा मंद बुडबुडा. फलित अंडं हळूहळू तपकिरी होतं. पांढरं पडलं ते मेलं, आणि त्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. काही जण मेथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचे थेंब टाकतात. मी देशी बदामाचं वाळकं पान टाकतो, आमच्या गल्लीत त्याचं झाड आहे, आणि पांढरी अंडी रोज ड्रॉपरनं उचलतो.

25 अंशांच्या आसपास चार-पाच दिवसांत पिल्लं फुटतात. पहिले दोन दिवस पोटाची पिवळी पोतडी पुरते. पुढे नुकतीच फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी, दिवसातून तीन-चार वेळा, थोडी थोडी. मिठाच्या पाण्यात तिची अंडी सुमारे 24 तासांत फुटतात. पिल्लांपर्यंत नेण्याआधी ती गोड्या पाण्यात धुऊन घ्यावी. सगळ्यात जास्त पिल्लं याच आठवड्यात दगावतात, आणि बहुतेक वेळा भुकेनं नव्हे, तर उरलेल्या खाण्यानं नासलेल्या पाण्यामुळे. म्हणून डब्याचा तळ रोज पुसायचा, गेलं तेवढंच पाणी परत भरायचं. पाण्याची पातळी उथळ ठेवायची, कारण हवेचा घोट घ्यायला पिल्लांनाही वर पोचावं लागतं.

महिन्याभरात कुशींवर कौलं दिसू लागतात. जास्तीची पिल्लं मी ओळखीच्या पाळणाऱ्यांना देतो. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत एकही सोडत नाही. टाकीतून सुटलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच सकर मासा देशातल्या किती पाण्यांत माजलाय ते दिसतंच आहे. या वर्षीच्या पिल्लांतली एकोणीस अजून माझ्याकडे आहेत. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली त्या सकाळी त्यांतलं एक पहिल्यांदाच झेपावत वर आलं, हवेचा घोट घेतला आणि वाळूत परत बसलं.